तीन किलो शिसं

सासूबाईंनी उडणं सोडलं, तर जावयाचे तीन फायदे होते. रविवारची दुपारची वेळ त्याला मिळाली असती. क्लबात एकाच जातीची दोन ग्लायडरं, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, होती; त्यातलं चांगलं सासूबाईंकडे होतं. तेही मिळालं असतं. आणि "आई उतरली का?" असं विचारणारे बायकोचे दर रविवारचे पाच-सहा फोन थांबले असते. तोटा एकच, वाईटपणा. तो त्यानं वजनकाट्यावर ढकलला होता.

काटा हँगरच्या दारात मांडला होता. सासूबाई पॅराशूट पाठीला बांधून त्यावर उभ्या राहिल्या. वय एकोणऐंशी. निम्म्या क्लबाला त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. काटा बावन्नवर थांबला.

"आई, पंचावन्न लागतात," जावई म्हणाला. तो क्लबाचा सेक्रेटरीही होता. "कॉकपिटात पाटीच लावलीय. त्याहून हलकं माणूस बसलं तर ग्लायडरचा तोल मागे जातो. मी काय म्हणतो, तब्येतच सांगतेय, तर ऐकावं."

"गेल्या वर्षी छप्पन्न होते," बाई काट्याकडे बघत म्हणाल्या. "आधी सांगितलं असतंत तर दोन घास जास्त जेवले असते."

ग्लायडर दोरानं आभाळात ओढणारं विंच यंत्र चालवणारा म्हातारा मागच्या खोलीतून आला. तोही चौऱ्याहत्तरचा, आणि शनिवारी स्वतः उडणारा. त्याच्या हातात दोन भोकं पाडलेली शिशाची जाड पट्टी होती.

"तीन किलो," तो म्हणाला. "ग्लायडरबरोबरच आलेली. आसनाखाली दोन बोल्टांनी बसते. वापरायची पाळी कधी आली नाही. आपल्याकडची माणसं खाऊनपिऊन सुखी." शेवटचं वाक्य तो जावयाच्या पोटाकडे बघून बोलला. जावई पॅराशूटसकट चौऱ्याण्णव भरला होता.

बोल्ट आवळून होईपर्यंत जावयानं आभाळ पाहून घेतलं. पातळ ढगांची साय पसरली होती. हवा मेलेली. अशा दिवशी दोर सुटल्यावर सहा-सात मिनिटांत जमीन गाठावी लागते.

"आपण पाठोपाठ उडू," तो म्हणाला. "क्लबाची रीत आहेच, आधी उतरेल त्यानं दोन्ही ग्लायडरं हँगरात ढकलायची. तुम्ही आधी उतरलात तर तुम्हाला ढकलायला नाही लावणार. फक्त पुढच्या रविवारपासून खुर्चीत बसून आमच्या वेळा लिहायच्या."

"आणि तुम्ही आधी उतरलात तर, जावईबापू?"

"तर हा विषय पुन्हा काढणार नाही."

"आणि तसं माझ्या लेकीला तुम्हीच सांगायचं."

पंचवीस वर्षांनी लहान माणसाला हे मान्य करायला जड गेलं नाही. फोन टेबलावर ठेवून तो आधी उडाला.

आणि त्याचं नशीबही बरं. गोदामाच्या पत्र्यावर वर चढणाऱ्या ऊन हवेचा एक अशक्त झोत त्याला सापडला. तो डावीकडे वळून घिरट्या घालू लागला. चार मिनिटांनी बाई त्याच झोतात, त्याच्या बऱ्याच खाली शिरल्या. आधी आलेला ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं मागून येणाऱ्यानं फिरायचं, असा नियम. बाई नियमाला धरून डावीकडेच वळल्या. फक्त त्यांचं वर्तुळ लहान होतं.

विंचवाला खुर्ची बाहेर काढून, कपाळावर हात धरून बघत बसला.

दहाव्या मिनिटाला दोघं एका उंचीवर आले, एकाच झोताच्या दोन बाजूंना. एवढ्या जवळून जावयाला सासूबाईंची टोपी दिसली असेल. बाराव्या मिनिटाला टोपी दिसत नव्हती. ग्लायडरचं पोट दिसत होतं. त्या झोतात बाईंपुरती हवा होती, चौऱ्याण्णव किलोंना ती पुरेना. त्यानं दुसरा झोत शोधायला नाक वळवलं, आणि दुसरा कुठे नव्हताच.

टेबलावरचा फोन वाजला. विंचवाल्यानं उचलला.

"आई उतरली का?"

"नाही ताई. साहेब उतरतायत."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अंगानं बरे आहेत."

जावई उतरला, घाम पुसत आला, फोन हातात घेतला. वर न बघता बायकोला सांगायचं ते त्यानं सांगितलं, अगदी शब्दाला जागून. ती काय म्हणाली ते विंचवाल्याला कळलं नाही, पण तिचं हसू टेबलापर्यंत ऐकू आलं.

बाई आणखी पन्नास मिनिटं वरच होत्या. सायीसारख्या ढगाखाली एक पांढरा ठिपका, निवांत, डावीकडे फिरणारा. मग बाकीचं आभाळ नको झाल्यासारख्या त्या खाली आल्या आणि गवतावर अलगद टेकल्या.

जावयानं जाऊन काच उघडली. "या, आई."

"गुडघे धरलेत," बाई म्हणाल्या. "चढताना काही होत नाही हो. उतरायचंच वय झालंय. हँगरच्या सावलीत हात द्या, तिथे उतरेन."

विंचवाल्यानं पंखाचं टोक धरलं. जावयानं ढकलायला खांदा लावला.

"जड जातंय का?" बाईंनी आतून विचारलं.

"नाही, नाही."

"त्यात तीन किलो शिसं आहे हं. माझे फक्त बावन्न."

बावन्न किलो सासूबाई, तीन किलो शिसं आणि उन्हातली तीनशे पावलं. त्याचं स्वतःचं ग्लायडर अजून मैदानातच होतं.