वाघमाळाचा दगड

"मॅडम, दगडाला काय पाय फुटत्यात व्हय? आज हाय तिथंच उद्या ऱ्हाईल," सरपंच पोपटराव म्हणाले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात हशा पिकला.

मोनाली हसली नाही. नगररचना कार्यालयातून ती या वाडीत पुन्हा पुन्हा येत होती. कुरकुंभच्या कारखान्यांत माणसं वाढत होती, खोल्या पुरत नव्हत्या, आणि वाघमाळाच्या पायथ्याला भराभर प्लॉट पडत होते. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माळ दगडासाठी राखून ठेवावा आणि तिथल्या दगडखाणीभोवती घरं होऊ देऊ नयेत.

"दगड राहील, पण त्याच्यावर घरं बसली की तो कुणालाच काढता येणार नाही," ती म्हणाली. "तुमच्याच रस्त्याला खडी लांबून आणावी लागेल. घरांसाठी ओढ्यापलीकडचं पड रान सुचवलंय मी."

"ते रान भावकीत अडकलंय. माझ्या नातवाला नातू झाला तरी सुटायचं न्हाई."

पुन्हा हशा. मग मागून साखरबाई उठल्या. खाणीच्या खालच्या अंगाला त्यांचं घर होतं.

"माझं पोरगं रातपाळी करून येतं. जरा डोळा लागला की धडाम! भांडी खाली येत्यात. भिताडाला चीर गेलीय. तुम्ही झोपून दावा बाई तिथं."

"मावशी, खाण आधीची आहे. घर नंतर आलंय."

"मग आता काय घर डोक्यावर घिऊन हिंडू?"

मोनालीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या चिरेची तक्रार घेऊन आलेल्या बाईपुढे ते तिला स्वतःलाच कोरडं वाटलं. तिने नकाशा गुंडाळला.

पुढे सगळं घाईने झालं. पोपटरावांनी लोक घेऊन रस्ता अडवला. बायका खाणीच्या फाटकात बसल्या, सर्वांत पुढे साखरबाई. खाण बंद झाली. राखीव जागेचा प्रस्तावही बारगळला. "लोकांना सुरुंग नकोत, तिथं आपण काय करणार?" असं म्हणून साहेबांनी विषय संपवला. वाडीने पेढे वाटले. एक पुडा मोनालीच्या टेबलावरही आला. तिने तो बाजूला सारला आणि दुपारी भूक लागल्यावर त्यातलाच एक खाल्ला.

उन्हाळा सरता सरता पोपटरावांचा फोन आला.

"ताई, माळावर भूमिपूजन हाय. राग धरू नका. पाव्हणी म्हणून या."

जायचं नाही असं ठरवूनही ती गेली. थेट जुन्या खाणीच्या काठापर्यंत चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. ज्या माळासाठी ती एवढी भांडली, त्याचे चौकोन झाले होते. साखरबाईंनी तिला कुंकू लावलं. त्यांच्या मुलानेही वर एक प्लॉट घेतला होता.

"आता कसं निवांत हाय की न्हाई?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी."

पूजा झाली. नारळ फुटला. पोपटरावांनी टिकाव घातला, तशी ठिणगी उडाली आणि ते मनगट चोळत मागे सरकले. कडेला जेसीबी उभा होता. त्याच्या बकेटचे दात तुटून पडले होते.

"कालपास्नं झटतोय," पोपटराव खाली बघत म्हणाले. "खडक फुटतच न्हाई. आन् संडासाला खड्डा तर पायजेच की, ताई."

"किती घरांना?"

"सगळ्यांनाच."

मोनाली काही बोलणार, तोच लोक पांगू लागले. खाणीतला जुना कामगार दत्ता खांद्यावरची वायर सोडत मागे मागे येत होता. आणि खाली रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून, लाल फडकं हलवत, साखरबाई मोटारसायकलवाल्यांवर ओरडत होत्या, "थांबा रं, लांब व्हा! माझ्या पोराच्या खड्ड्यात सुरुंग लावलाय!"