एक जूनची माणसं

कोडची चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. ऋतुजाला वाटलं, आपलंच टायपायला काहीतरी चुकलं. तिनं परत चालवली. परत लाल.

होटगी रोडवरच्या त्या छोट्या कंपनीत आज तिला एकच काम होतं. दवाखान्याच्या प्रोग्रॅममधली जुनी तुलना काढून नवी घालायची. जावामधली सहा ओळींची ती जुनी तुलना वर्षापूर्वी तिनंच लिहिली होती. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दोन्ही नोंदी एकाच पेशंटच्या समजायच्या आणि दुसरी गाळायची. बापाचं नाव तिनं मुद्दाम धरलं नव्हतं. नोंदणीच्या खिडकीवर कुणी ते सांगतं, कुणी नाही. आज तिनं पेशंटच्या क्रमांकाला कोडमध्ये स्वतःचा वेगळा टाइप दिला, दुसऱ्या कुठल्या आकड्यात तो मिसळू नये म्हणून. माणूस ओळखायचा तो आता फक्त त्याच्यावरून. मग कालच्या मूळ नोंदींवर दोन्ही तुलना चालवल्या. आकडा एकच यायला हवा होता. नव्या तुलनेत नऊ माणसं जास्त निघाली.

नऊ माणसं! तिनं यादी उघडली. नऊच्या नऊ जणांची जन्मतारीख एक जून.

आता बोला! खेड्यात पोराला शाळेत घालताना तारीख कुणाच्या ध्यानात असायची? गुरुजी आपले एक जून लिहून मोकळे. ऋतुजाच्या वडिलांची माढ्याच्या शाळेतली तारीखही तीच. दरवर्षी ती त्यावरून त्यांची चेष्टा करायची, आणि कोड लिहिताना मात्र बाईसाहेबांना ते आठवलं नाही.

यादीत सगळ्यात वर धुळाप्पा बिराजदार, दुधनी. पेशंट-क्रमांक दोन वेगळे, माणसंही दोन. एकाचे वडील बसलिंगप्पा, दुसऱ्याचे सिद्धप्पा. चुलतभाऊ असणार, दोघांनाही आजोबांचं नाव ठेवलेलं, जन्मसालही एकच. पहिला धुळाप्पा मे महिन्यात दाखवून गेला होता. दुसरा काल भरती झाला होता, आणि त्याच्या मूळ नोंदीत एक ओळ होती: पेनिसिलिन चालत नाही. तिच्या तुलनेनं ती नोंदच गाळून टाकली होती. वॉर्डातल्या स्क्रीनवर पहिल्या धुळाप्पाची माहिती दिसत होती, आणि खाली आजचं औषध: पेनिसिलिन, अकरा वाजता.

अकराला चार मिनिटं होती.

तिनं वॉर्डात फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. आपल्या सहा ओळींनी एक माणूस जाणार! उचला की हो कुणीतरी!

"बुद्धप्रिया सिस्टर बोलतेय."

"सिस्टर, मी प्रोग्रॅमवाली ऋतुजा. धुळाप्पांना इंजेक्शन देऊ नका! पेनिसिलिन चालत नाही त्यांना. स्क्रीनवर चुकीचं आहे. माझ्यामुळं चुकलंय."

पलीकडून ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

"हातात भरलेली सिरिंज होती, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "ठेवली बाजूला."

वाचला बाबा! मग ऋतुजाला वाटलं, एकदा खात्री केलेली बरी.

"सिस्टर, त्यांनाच विचारा ना. याआधी त्रास झाला होता का म्हणून."

"त्यांना आता काय विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासनं तेच सांगायलेत ते, 'बाई, ते औषध मला चालत न्हाय.' मीच त्यांना स्क्रीन दाखवून गप्प केलं."