घसरलेला ‘ळ’

नवा चष्मा डोळ्यांवर चढवून बाबा दुकानाबाहेर पडले आणि चार पावलांवरच थबकले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, नजर आधी पाट्यांवरच जाणार. समोर लिहिलं होतं, ‘ताजी फळे’.

“हा ‘ळ’ बघ रे. दुसरा गोल कसा खाली घसरलाय!”

मुलाने घाईने बाबांचा दंड धरला. कॉम्प्युटरवर अक्षरं घडवणं हे त्याचं काम. माळ्यावरच्या बाबांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून त्याने या पाटीवरचा फॉन्ट बनवला होता आणि बाबांना पत्ताही लागू दिला नव्हता. परवाच्या बक्षीस समारंभात त्या घसरलेल्या गोलाचं कोण कौतुक झालं! कुणीतरी विचारलं तेव्हा हा माइकवर बिनदिक्कत म्हणाला होता, “सहज सुचलं.”

“चला ना बाबा, ऊन लागतंय.”

“थांब रे. शिडीवरून पडलो ना मी, त्यानंतर मनगट आखडायचं. नेमका इथेच हात घसरायचा. पुसून पुसून रडकुंडीला यायचो.”

बाबांनी खिशातून मलमाची चेपलेली ट्यूब काढली आणि मुलाच्या हातात कोंबली.

“ही पाटी कुणी रंगवली ते शोधून काढ. तुझ्याच लाइनीतला आहे, तुला सापडेल. एवढ्या दुखऱ्या हाताने काम करतोय बिचारा. रोज चोळ म्हणावं.”