नर्तकीचं पाऊल

पुरात वाहत आलेलं झाड नदीकाठच्या जुन्या देवळावर आदळलं आणि भिंतीवर कोरलेल्या नर्तकीचं एक पाऊल तुटलं. नवं पाऊल घडवायला पाथरवट आत्याला बोलावणं आलं, पण तिची नजर आता गेली होती. तिनं छिन्नी भाचीच्या हातात दिली. "आत्याची सर हिला कुठली!" लोक कुजबुजले. काम संपल्यावर भाचीनं आत्याला हाताला धरून भिंतीपाशी आणलं. आत्यानं दोन्ही पावलं चाचपली, पैंजणांवरून नख फिरवलं, टाचा दाबून पाहिल्या. भाचीचा जीव टांगणीला लागला. कौतुक हा शब्द आत्याच्या गावीही नव्हता. "हे डावं तुझं," आत्या ठामपणे म्हणाली. "बोटं जाड झालीत." भाचीला हसू आवरेना. "अगं आत्या, ते जुनं आहे!" आत्यानं पुन्हा सावकाश हात फिरवला. मग ती भर आवारात ओरडली, "ऐका रे, पोरीनं मला चीतपट केलं!"