झोळी आणि खुर्ची

ब्राझीलहून आलेल्या जोआकिमनं बॅग उघडली आणि दयाराम पाळकांना बाराव्यांदा झोळी मिळाली.

दोन झाडांना बांधायची आणि आत पाय पसरून पडायचं, तसली ही सुती झोळी. ते तिकडच्या चर्चचे पाळक होते आणि तिथल्या मंडळीनं अकरा वर्षं त्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला हीच भेट दिली होती. तिकडे ढीगभर मिळत असतील, म्हणून पाळकांनी त्यावर कधी विचार केला नव्हता. त्यांच्या बायकोला, मृणालबाईंना, मात्र चाकांची मोठी प्रवासाची बॅग मिळाली.

"दोघांचं सामान मावेल," पाळक म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या आणि बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत राहिल्या.

सुगीच्या सणाची उपासना नुकतीच संपली होती. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, नारळ आणि पाय बांधलेला एक कोंबडा मांडला होता. पाळकांच्या प्रवचनात शेवटपर्यंत तेवढा कोंबडाच जागा होता. रेवदंड्याच्या खाडीवरून वारा छान सुटला होता. दोष द्यायचा तर त्यालाच द्यावा लागला असता.

पाळक चौसष्ट वर्षांचे होते आणि दमले होते. नुसते गुडघे नव्हे, सगळेच. ब्राझीलची मंडळी प्रेमळ, पण सणांची हौस दांडगी. जूनमध्ये होळीसारखा जाळ करून नाच, आईचा दिवस, बापाचा दिवस, चर्चचा वाढदिवस, चर्चच्या घंटेचा वाढदिवस. प्रत्येक सणाला केक आणि प्रत्येक केकआधी पाळकांचं प्रवचन. ते मराठीत बोलत, बाई त्याचं पोर्तुगीज करत. आपलं बोलून झालं की ते व्यासपीठावरच्या वेताच्या खुर्चीत टेकत आणि बाईंचं आटपेपर्यंत डोळे मिटून घेत. ही भाषा 'ओब्रिगादो'च्या, म्हणजे 'आभारी'च्या, पुढे त्यांना कधी आली नाही. ती फार ऐसपैस आहे, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं होतं.

सुट्टीवर येऊन तीन महिने झाले होते. घरामागे दोन सुपारीची झाडं होती. त्यांच्यामधलं अंतर त्यांनी काल पहिल्यांदाच पावलांनी मोजलं होतं.

पण शब्द दिलेला. दीक्षेच्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती, बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही. आणि जोआकिम बोलावणं घेऊनच आला असणार. एवढ्या लांबून नुसती झोळी द्यायला कोण येतं?

"नसेल बोलावलं तर बरं," सकाळी ते बायकोला म्हणाले होते. "तुझेही हाल झाले गं तिथं. चूल काय, केक काय."

बाईंनी त्यावर चहा पुढे केला होता.

जोआकिम बोलायला उभा राहिला. आडदांड माणूस, पण आवाज भरून आलेला. दहा मिनिटं तो बोलला. मध्येच पाळकांकडे बोट दाखवून त्यानं मान हातावर कलती केली, मध्येच बाईंकडे पाहून छातीवर हात ठेवला. मागच्या दाराशी रोझाबाय वाढपाची पळी हातात घेऊन ऐकत होती. जेवण करायला ती खाडीपलीकडच्या कोर्लईहून आली होती. सकाळपासून जोआकिम तिच्या चुलीपाशीच हसत-खिदळत बसलेला. पोटाला भाषा लागत नाही, असं पाळकांना वाटलं होतं.

जोआकिम थांबला. बाईंनी घसा साफ केला. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, सगळी मंडळी वाट बघतेय. पाळकांनी परत यावं."

"एवढंच?" इथल्या मंडळीतले वडीलधारे धर्माजी म्हणाले. "मानूस घामाघूम झाला की."

"मराठीत आकसतं ते," बाई म्हणाल्या.

लोक हसले. पाळकांनी चष्मा काढून पुसला. दोन सुपाऱ्या डोळ्यांपुढून हळूच सरकून गेल्या.

"बोलावलंय, तर येतो," ते म्हणाले. "देवाची इच्छा."

बाईंनी त्याचं पोर्तुगीज केलं. ते चांगलं लांबलं. जोआकिम आधी गोंधळला, मग हसला, मग त्यानं बाईंचे दोन्ही हात धरले आणि पोरासारखा रडला. पाळकांपाशी येऊन त्यानं त्यांचा खांदा थोपटला, दवाखान्यात खाटेवरच्या माणसाचा थोपटतात तसा.

जेवणाआधी पाळक हात धुवायला मागे गेले. रोझाबायनं तांब्यातून पाणी घातलं.

"पाळकसाहेब, तुमी कशाला जाताव?"

"बोलावलंय ना, बाय."

"तुमाला न्हाय बोलावलं."

पाळकांचे हात पाण्याखाली तसेच राहिले.

"आमच्या कोर्लईत घरात आमी असंच बोलताव," रोझाबाय म्हणाली. "पोर्तुगीज कवाच गेले, बोली ठेवून गेले. याची जरा येगळी हाय, पन समजती. त्यो म्हनला, पाळक दमलेत, त्यांना हितंच झोळीत निजू द्या. दोन वाक्यं बोलून ते खुर्चीत झोपतात, फुडचं अर्ध्या तासाचं प्रवचन बाईंचंच असतंय, आमाला काय कळत न्हाय व्हय? बाईंना तेवढं धाडा."

तांब्यातलं पाणी संपलं. तिनं दुसरा भरला.

पाळकांनी विचारलं, "आणि मी 'येतो' म्हणालो, त्याचं हिनं काय सांगितलं?"

"बाई म्हनल्या, येते मी. पन ह्यांच्याबिगर मला बोलाया सुचत न्हाय. तवा ह्यांनाबी आनते, खुर्ची तेवढी हलवू नका."