विमानाची आत्या

रंगारी शिडीवर चढून बसला होता. ब्रशावरचा रंग वाळत चालला होता. दुपारी कलेक्टरसाहेब उद्घाटनाला येणार होते आणि रुद्रप्पाच्या विमान कंपनीला अजून नाव नव्हतं.

सोलापूर ते पुणे हवाई सर्व्हिस काढायची, हे रुद्रप्पाच्या डोक्यात शिरलं तेव्हा लोक हसले होते. पण सुताच्या व्यापारात हयात घालवलेला तो गडी हट्टाला पेटला. मुंबईहून एक जुनं विमान आणलं, ते चालवणारा आणला, होटगी रस्त्यावरचं माळरान साफ करून घेतलं. घोडं अडलं ते नावापाशी. पेटीतलं सूत कुठल्या गिरणीचं हे विचारल्याशिवाय रुद्रप्पा माल उतरवून घेत नसे. मग नावाचं मूळ विचारल्याशिवाय नाव तरी कसं घेणार?

वकिलांनी ‘पुष्पक’ सुचवलं. ते कुणाचं, रुद्रप्पाने विचारलं. कुबेराचं, पण रावणाने बळकावलेलं, असं कळल्यावर चोरीचा माल नको म्हणाला. संस्कृतच्या मास्तरांनी ‘जटायू’ काढलं, तर त्याचे पंख कापलेले. त्याचा भाऊ संपाती उन्हाने भाजून पडलेला. ‘हंस’ म्हणताच भजनी मंडळातला एक म्हातारा हळूच म्हणाला की हंस उडाला म्हणजे माणूस गेला. ‘गरुड’ सगळ्यांना पसंत पडलं. पण गरुड विष्णूचा, आणि रुद्रप्पाचं घराणं लिंगायत. विष्णूचं वाहन आपल्या दारात कुठल्या तोंडाने बांधायचं? मग शिवाचंच वाहन घ्या, ‘नंदी’ ठेवा, असं ठरत आलं. तेवढ्यात विमान चालवणाऱ्या मुंबईकराने विचारलं, देवळात बघावं तेव्हा नंदी बसलेलाच का असतो? रंगाऱ्याने उचललेला ब्रश पुन्हा खाली ठेवला.

 रुद्रप्पाची बायको कमलम्मा पंखाच्या सावलीत कुंकवाचं तबक घेऊन उभी होती.

“नाव ठेवायचा मान आत्याचा असतोय की,” ती म्हणाली. “तुमी कशाला डोकं पिकवताय?”

रुद्रप्पा गारच पडला. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण निंगव्वा. तिला मैंदर्गीला दिली होती. भावाला मूल होत नाही म्हणून ती दर सणाला येऊन दुसरं लग्न कर म्हणायची, आणि तेही कमलम्माच्या देखत. एका पंचमीला रुद्रप्पाचं डोकं फिरलं. माझ्या घरात पाळणा नाही, तेव्हा आत्याचंही काही काम नाही, असं तो बोलून गेला. निंगव्वा भरल्या ताटावरून उठली. त्यानंतर तिने सोलापूरचं पाणी चाखलं नव्हतं आणि रुद्रप्पाला पंचमी कधी गोड लागली नव्हती. विमान आणायचं धाडस त्याच्यात होतं, मैंदर्गीला जायचं नव्हतं.

“ती काय येती,” तो म्हणाला.

“आल्यात. मीच बोलावणं धाडलं हुतं.”

रस्त्याला सर्व्हिस मोटार थांबली होती. काखेत गाठोडं मारून निंगव्वा माळ तुडवत आली. बाजारात म्हैस बघावी तशी तिने विमानाभोवती एक फेरी मारली. भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. कमलम्मासमोर मात्र ती उभी राहिली, आणि तोंडाने फटकळ म्हणून पंचक्रोशीत नाव असलेल्या त्या बाईला शब्द सापडेना.

“वैनी, मी लई वंगाळ बोलले तुमास्नी,” ती शेवटी म्हणाली.

कमलम्माने तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

मग निंगव्वाने गाठोडं सोडलं. आतून लहान बाळाची कुंची निघाली. तांबड्या खणाची, काठाला मणी लावलेली, घड्यांवर विटलेली. रुद्रप्पाच्या लग्नाच्या साली तिने ती शिवून ठेवली होती. रुद्रप्पाला हुंदका आला. तो लपवायला तो उगाचच रंगाऱ्यावर खेकसला.

ह्याचा कान कुठला, असं निंगव्वाने विचारलं. विमान चालवणाऱ्याने बराच विचार करून नाकावरच्या पंख्यामागची एक फट दाखवली. तिने पंख्याच्या नाकाडावर कुंची बांधली, फटीला तोंड लावलं आणि कुर्रर्र केलं. जमलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

“ईरप्पा,” ती सरळ होत म्हणाली. “थोरल्या नातवाला आज्जाचंच नाव ठेवत्यात. दुसरं कंचं ठेवायचं?”

रुद्रप्पाचे वडील ईरप्पा माळवदावर चढायलाही भ्यायचे, हे जमलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं. पण या एका नावाचं मूळ रुद्रप्पाने विचारलं नाही. त्याने रंगाऱ्याला नुसती मान हलवून खूण केली. दुपारी कलेक्टरसाहेबांनी अर्थ विचारला, तेव्हा ‘ईर’ म्हणजे वारा, असं संस्कृतच्या मास्तरांनी उभ्या उभ्या सिद्ध करून दिलं. साहेब खूश झाले. पंखा फिरायच्या आधी विमान चालवणाऱ्याने कुंची सोडून आपल्या आसनाला बांधली, आणि ईरप्पा एअर सर्व्हिस पुण्याकडे उडाली.

दिवस कलला तसं सगळं सोलापूर माळावर लोटलं. आभाळात ठिपका दिसताच पोरासोरांनी ‘ईरप्पा आला, ईरप्पा आला’ असा गिल्ला केला. निंगव्वाने कमलम्माला कोपराने ढोसलं, तुम्हीही म्हणा म्हणाली. कमलम्मा लाजली. सासऱ्याचं नाव सुनेने कसं घ्यायचं? नातवाला आज्जाचं नाव दिलं की त्याच्या आईला हाक मारायला एकच वाट उरते, आणि नाव निवडताना ते निंगव्वाच्या ध्यानात नसेल, असं तिच्या तोंडाकडे बघून तरी वाटत नव्हतं.

कमलम्माने तोंडाला पदर लावला आणि आभाळाकडे बघत म्हणाली, “आलं बाई माझं बाळ.”