उजव्या काठावरची मुलगी

उल्काने शेवटचा हात फिरवला आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. वारज्यातल्या एका स्पाला प्रबोधनकाळातल्या युरोपीय चित्राची नक्कल हवी होती. मध्ये कुंड. डावीकडून म्हाताऱ्या बायका पाण्यात उतरतात, उजवीकडून तरुण होऊन निघतात. त्या काळच्या चित्रांत स्नान म्हणजे नुसतं मळ काढणं नव्हे. मागचं सगळं पाण्यात सोडून नव्याने जन्मणं.

डावीकडच्या एका म्हातारीला उल्काने गंमत म्हणून आईचा चेहरा दिला होता. आज उजव्या काठावरच्या मुलीलाही तोच दिला, आईच्या कॉलेजातल्या फोटोवरून.

तिची आई, मंदाकिनीबाई, अंघोळीला निघाल्या होत्या. गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते, जीभ मात्र शाबूत होती. काठी टेकत त्या चित्रापुढे थांबल्या.

"एवढी वर्षं खरवडलीस? या वयात तू माझ्या गावीही नव्हतीस."

"छान दिसतेयस की."

"दिसणारच. तुझी जबाबदारी नव्हती ना तेव्हा."

काठी बाथरूमच्या दाराला टेकवून त्यांनी आतून कडी लावली. नळ सुटला. उल्का हसत चित्राकडे वळली आणि थबकली.

आईचा चेहरा दिलेल्या म्हातारीच्या गुडघ्यापर्यंत रंगवलेलं पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. उल्काने बोट लावलं. गेल्या आठवड्यात वाळलेला रंग ओला होता.

"आई, कडी काढ."

तिने दार बडवलं. पाणी पडतच होतं. धावत येऊन पाहते तर डावीकडे त्या म्हातारीच्या जागी नुसतं पाणी.

तिने टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि उजवीकडच्या मुलीच्या तोंडावर नेला. हात तिथेच अडला. हिला पुसलं, तर आई बाहेर यायची कुठून? उल्काला रडू फुटलं. नळ बंद झाला.

कडी वाजली. मंदाकिनीबाई बाहेर आल्या. चेहरा तोच, सुरकुत्यांसकट. पण काठीला हात न लावता त्या भराभर चालत आल्या, ओल्या केसांचे दोन भाग करून वेण्या घालत. रडणाऱ्या उल्काकडे पाहून त्या संकोचाने थांबल्या.

"काकू, बरं नाही का वाटत तुम्हाला? घरात कुणाला हाक मारू?"